बफेट यांच्या पत्रातले दहा टक्के

आज जो मजकूर वाचायचा आहे तो जेमतेम एका परिच्छेदाचा आहे. वॉरन बफेट यांचं बर्कशायर हॅथवेच्या भागधारकांना उद्देशून २०१३ सालचं वार्षिक पत्र २०१४ च्या मार्चच्या सुरुवातीस प्रसिद्ध झालं. त्यात ते सांगतात की पत्नीसाठी ठेवलेल्या रकमेबाबत विश्वस्ताला मी मृत्युपत्रात सूचना दिली आहे: दहा टक्के अल्पमुदतीच्या सरकारी रोख्यांत, नव्वद टक्के एस अँड पी ५०० च्या अगदी कमी खर्चाच्या इंडेक्स फंडात. एका घरापुरती ही सूचना, पुढे जगभर सर्वांसाठीचा सल्ला म्हणून फिरली.

आधी त्यातलं चांगलं बघू. रोकड ठेवावी की रोखे घ्यावेत, हा वाद लोक असा घालतात, जणू या दोन वेगळ्या जातीच्या वस्तू आहेत. बफेट त्यात पडत नाहीत. ते फक्त ‘अल्पमुदतीचे’ हा शब्द घालतात, आणि सगळी मेख तिथेच आहे. तीन महिन्यांत पैसे परत देणारं ट्रेझरी बिल हे जवळजवळ रोकडच. वीस वर्षांचा रोखा निराळा. बाजारात व्याजदर चढले की तुमच्या हातातल्या जुन्या, कमी व्याजाच्या रोख्याला कोणी पूर्ण किंमत देत नाही. मुदत जितकी लांब तितकी घट मोठी. अमेरिकेत २०२२ मध्ये हेच झालं. शेअर निर्देशांक लाभांश धरून सुमारे १८ टक्के खाली, आणि त्याला आधार म्हणून ठेवलेले सर्वसाधारण रोखेही सुमारे १३ टक्के खाली! ट्रेझरी बिलांचं मुद्दल तेवढं शाबूत राहिलं. पण महागाई साडेसहा टक्के होती, तेव्हा रोकडवाल्यांनीही फार छाती फुगवू नये. उलट २००८ साली शेअर कोसळत असताना लांब मुदतीचे सरकारी रोखे चढले होते. म्हणजे लांब रोखा मंदीत उपयोगी पडतो, महागाईत तोच दगा देतो. हे न सांगता नुसतं ‘रोखे सुरक्षित’ म्हणणं अर्धवट आहे.

आता उणीव. टक्का हे गुणोत्तर आहे. किराणा गुणोत्तरात येत नाही. बफेट यांच्या पत्नीच्या दहा टक्क्यांत कित्येक वर्षांचा खर्च सहज निघेल. आपल्याकडच्या पन्नास लाखांची पुंजी असलेल्या निवृत्त माणसाचे दहा टक्के म्हणजे पाच लाख. महिना चाळीस हजार धरा, साडेबारा महिने. एस अँड पी ५०० ने मार्च २००० ची पातळी २००७ मध्ये गाठली, पुन्हा घसरला, आणि ती कायमची ओलांडायला २०१३ उजाडलं. लाभांश धरला तर हा काळ कमी भरतो, पण साडेबारा महिन्यांइतका नक्कीच नाही. मग पडत्या भावात युनिटं विकणं आलं, आणि ते टाळण्यासाठीच तर हे दहा टक्के होते.

केन्स यांनी १९३६ च्या ग्रंथात रोकड जवळ ठेवण्याची कारणं वेगळी केली: रोजचे व्यवहार, सावधगिरी, आणि पुढच्या भावांच्या अंदाजावरचा सट्टा. पत्नीसाठीचे दहा टक्के पहिल्या दोन कारणांचे. स्वतः बफेट तिसऱ्यासाठीही थांबत आले. २०२४ अखेर बर्कशायरकडे रोकड आणि ट्रेझरी बिलं मिळून तीनशे अब्ज डॉलरच्या वर होती. यात ढोंग काही नाही, पण तो परिच्छेद हा भेद करत नाही. वाचक मग तेच दहा टक्के ‘संधी’साठीही राखतो आणि आजारपणासाठीही. एकच पैसा दोनदा कसा खर्च होणार?

आणि ‘विश्वस्त’ या शब्दाकडे कोणाचं लक्षच जात नाही. सूचना त्याला दिलेली आहे. बाजार निम्म्यावर आला तरी त्याची झोप उडत नाही, पैसे त्याचे नाहीत. तुम्हाआम्हाला विश्वस्त कुठला? फंड विकण्याचं बटण आपल्याच मोबाइलवर असतं.

व्याख्यानानंतर लोक विचारतात, ‘सर, मग आमचे किती टक्के?’ मी उलट विचारतो, वर्षाचा खर्च किती, आणि त्यातला पेन्शनमधून किती भागतो? बहुतेकांना पहिला आकडाच सांगता येत नाही.