रस्त्यावरच्या गाण्यांचा ताळेबंद

हिंदी सिनेमातला नायक प्रवासाला निघतो तेव्हा त्याच्याजवळ काय काय नसतं, याची एकदा यादी करून पाहावी. पाण्याची बाटली नसते, डब्यात थालीपीठ नसतं, गुडघ्याला चढवायचा पट्टा नसतो आणि ‘पोचल्यावर फोन करा हं’ असं दारातून बजावणारं माणूसही नसतं. असतं ते फक्त गाणं. गाडीत पेट्रोल किती उरलंय, हे तो शेवटचं कडवं संपेपर्यंत बघत नाही. मी पडलो बी.कॉम. जमेची बाजू दिसली की नावेची बाजू शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून या गाण्यांकडे मी वर्षानुवर्षं संशयाने पाहत आलो आहे. (तोंडपाठ आहेत ती गोष्ट वेगळी.)

२०१५ च्या सप्टेंबरपासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सुट्टी सुरू झाली. लोकांना वाटतं आम्हाला उरलेले शनिवारही असतात. असो. अशाच एका श्रावणातल्या शनिवारी आमची ही बहिणीकडे, चिरंजीव क्लासला, असा योग जुळला आणि मी पुण्याहून लोहगडला एकटाच गाडी घेऊन निघालो. ‘एकटेच?’ हा प्रश्न मला शेजारच्या काकूंनी, सोसायटीच्या वॉचमनने आणि कामशेतच्या चहावाल्याने विचारला. चाळिशी उलटलेला गृहस्थ एकटा दिसला, की तो एक तर घरी भांडून आलेला असतो किंवा विमा विकायला, अशी आपल्याकडे समजूत आहे. खरं कारण सांगायची सोय नव्हती. मला ही प्रवासाची गाणी प्रत्यक्ष जागेवर तपासायची होती. बँकेत याला ‘स्पॉट व्हेरिफिकेशन’ म्हणतात. कागदावर गिरणी चालू असते, जागेवर जाऊन बघावं तर म्हशी बांधलेल्या असतात.

देहूरोड मागे टाकल्यावर पहिलं लावलं ते १९६९ च्या ‘आराधना’तलं किशोरकुमारचं जीपमधलं गाणं. सचिनदेव बर्मनांची ती चाल ऐकताना पाय आपोआप जड होतो आणि काटा ऐंशीवर जातो, एवढं मान्य. पण हे गाणं एकट्याने गाडी चालवणाऱ्याचं नव्हे. राजेश खन्नाचे दोन्ही हात मोकळे आहेत, कारण जीप सुजितकुमार चालवतोय! उजवीकडून ट्रक, डावीकडून उलट्या दिशेने येणारा दूधवाला आणि समोर तळं झालेला खड्डा अशा अवस्थेत त्याने मान वेळावून दाखवावी. दुसरी गोष्ट अशी, की या गाण्याच्या वेळी शर्मिला टागोर दार्जिलिंगला नव्हतीच. ती सत्यजित राय यांच्या ‘अरण्येर दिन रात्री’त गुंतली होती. आगगाडीच्या खिडकीतली तिची दृश्यं वेगळी, स्टुडिओत घेतली. म्हणजे तो बापडा ज्या खिडकीकडे बघून जीव टाकतोय, त्या खिडकीत ती नाहीच. हे कळल्यापासून ते गाणं मला जास्तच आवडू लागलं आहे. रिकाम्या खिडकीकडे बघून इतकं खूश राहायचं म्हणजे चेष्टा नव्हे. आम्ही काउंटरच्या खिडकीपलीकडे माणसं असूनसुद्धा तसे दिसत नाही.

१९७१ च्या ‘अंदाज’मधलं मोटारसायकलवरचं गाणं मी वडगावच्या आतच बंद केलं. किशोरकुमारचं ते यॉडलिंग अप्रतिम, हसरत जयपुरींचे शब्द सुटसुटीत. पण मागे हेमामालिनी, डोक्यावर हेल्मेट नाही आणि उद्याची फिकीर नाही. पुढे सिनेमात हाच नायक अपघातात जातो. अशा माणसाला आवर्ती ठेव विकता येत नाही.

मळवलीला रूळ ओलांडले, एक्स्प्रेस-वेवरच्या पुलावरून पलीकडे गेलो आणि भाजे गावात गाडी लावली. इथून पायी. भाज्याच्या वाटेने वर चढत गेलं की लोहगड आणि विसापूर यांच्यामधली गायमुख खिंड लागते. लोहगड उंचीला सुमारे ३,४०० फूट. ही उंची पुस्तकात वाचताना काही वाटत नाही, पोटऱ्यांना वाटते. आणि इथे माझी गाण्यांची सगळी यादी धडाधड कोसळली. जे गाणं गाडीत गोड लागतं ते चढावर छळतं. ठेका तुम्हाला पुढे ढकलतो आणि श्वास मागे ओढतो.

तगलं ते एकच, १९५८ च्या ‘मधुमती’तलं मुकेशचं. सलील चौधरींनी ते चालणाऱ्या माणसासाठी बांधलं आहे. दोन ओळींच्या मध्ये थांबून आजूबाजूला बघायला जागा ठेवली आहे. मुकेशच्या आवाजात तर धाप लागलेल्या माणसाला ‘सावकाश या’ म्हणण्याची सभ्यता आहे. आता यातली गंमत. ‘मधुमती’चं चित्रण नैनितालकडे झालं, पण त्यातली बरीचशी फिल्म धुरकट निघाली. मग बिमल रॉयच्या मंडळींनी वैतरणा धरणाजवळ खोटे पाइन वृक्ष उभे करून कितीतरी भाग पुन्हा घेतला. म्हणजे पडद्यावर आपण ज्या हिमालयाला दाद देतो त्यातला काही आपला इगतपुरीकडचा सह्याद्रीच आहे, मेकअप केलेला. इतकं गुणी पात्र, पण श्रेयनामावलीत नाव नाही!

तरीही एक तक्रार उरतेच. या सगळ्या गाण्यांत डोंगर हा पडदा आहे. पुढे माणूस गातो, मागे डोंगर निमूट उभा राहतो. डोंगरावर कोणी राहतं, लाकडं आणतं, मध काढतं, पडतं, मरतं, याचा पत्ता नाही. तो लागतो १९७७ च्या ‘जैत रे जैत’मध्ये. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. त्यातला नाग्या ठाकर लिंगोबाच्या डोंगरावर हवा खायला चढत नाही. राणीमाशीने त्याचा डोळा घेतलाय, तो तिच्याशी हिशेब चुकता करायला चढतो. त्या गाण्यांतल्या ढोलाला घाम आहे. खिंडीत एका दगडावर बसून ती ऐकली आणि माझ्या गुडघ्याची कुरकुर मलाच चारचौघांत सांगण्यासारखी वाटेना. सहलीची गाणी म्हणून ती मी कोणाला सुचवणार नाही. सहल राहत नाही मग.

२०२५ साली लोहगड जागतिक वारशाच्या यादीत गेला. त्याचा आनंद गडावर जो तो आपापल्या ब्लूटूथ स्पीकरवर साजरा करत होता. गणेश दरवाज्यात एक गाणं, नारायण दरवाज्यात दुसरं, हनुमान दरवाज्यात तिसरं आणि महादरवाज्यात तिन्ही. घरी वडीलधारे आहेत, शेजारी आहेत, मोठ्याने गाणं लावायला पोरांनी जायचं कुठे, हे मलाही कळतं. पण पाच तुकड्या पाच गाणी लावतात तेव्हा कोणीच काही ऐकत नसतं, फक्त हजेरी लागते. विंचूकाट्याच्या टोकापर्यंत मात्र स्पीकर पोचले नव्हते. वाट निसरडी होती. एरवी तिथून पवनेचं पाणी, तुंग, तिकोना दिसतात. त्या दिवशी नुसतं धुकं. मी फोन खिशात टाकला आणि तसाच बसून राहिलो. किती वेळ ते सांगत नाही. बँकेत कामाला आहे.

उतरताना भाज्याची लेणी पाहिली. चैत्यगृहाच्या छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी फासळ्या अजून आहेत. आणि तिथल्या एका विहाराच्या कोरीव कामात एक बाई तबल्यासारखी दिसणारी वाद्यं पुढ्यात घेऊन वाजवतेय, शेजारी दुसरी नाचतेय. तो तबलाच का, यावर जाणकारांचं भांडण आहे. त्यांनी ते खुशाल करावं. मला तिची बैठक आवडली. ना घोडागाडी, ना जीप, ना खिडकीत कोणी; बाईचं सगळं लक्ष हातात. आता थाप पडणार, असं वाटून मी कान देऊन उभा राहिलो. तेवढ्यात पहारेकऱ्याने वेळ संपल्याची शिट्टी फुंकली. तीही तीनदा, आणि तिन्ही वेळा बेताल.