ललितेतर गद्याची संरचना आणि वाचकाचा प्रश्न

मराठी समीक्षेत ललितेतर गद्याचा विचार बहुतांशी आशय आणि शैली या दोन अंगांनी झाला; संहितेची अंतर्गत संरचना मात्र सारांशलेखनाच्या तासापुरती उरली. बॉनी मेयर यांनी १९७५ साली गद्याची संघटना आणि स्मरण यांचा संबंध अभ्यासला. वर्णन, क्रम, कार्यकारण, तुलना आणि समस्या-निराकरण हे संरचनांचे वर्गीकरण त्या परंपरेत रूढ झाले. लेखकाची संरचना ओळखून वाचणाऱ्याच्या लक्षात अधिक राहते, हा तिचा निष्कर्ष. परंतु संहितेला एकच संरचना असते काय?

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावावरील मिलिंद बोकील यांचे ‘गोष्ट मेंढा गावाची’ (२०१२) हे पुस्तक या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. शीर्षकातील ‘गोष्ट’ हा शब्द आणि लेखक ‘शाळा’कार असल्याची जाणीव वाचकाला कालक्रमाकडे नेते. त्या क्रमाने टिपण केले, तर २००६ चा वनहक्क कायदा, २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर मिळालेला सामूहिक हक्क आणि २०११ सालचे बांबूचे वाहतूक परवाने अशी सुटसुटीत मालिका हाती येते. हक्कानंतर परवान्याला दोन वर्षे का लागली, हे ती सांगत नाही.

त्याचे उत्तर शोधायचे, तर दोन कायदे शेजारी ठेवावे लागतात. १९२७ च्या वन कायद्याने २०१७ च्या दुरुस्तीपर्यंत बांबूची गणना वृक्षांत केली. २००६ च्या कायद्याच्या कलम २ ने त्याला गौण वनोपज ठरविले. हक्क कलम ३ मध्ये आहे, त्याची व्याप्ती मात्र व्याख्येत आहे. व्याख्या म्हणजे औपचारिकता समजून पुढे जाणाऱ्या वाचकाच्या हातून नेमका बांबूच निसटतो.

मेंढ्याच्या अभ्यासगटाचे वाङ्मयीन महत्त्व येथे जाणवते. अभ्यासगटात चर्चा आणि ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय, अशी या गावाची रीत. तेथे वाचन प्रश्नापासून सुरू होते आणि माहितीची मांडणी प्रश्नानुसार बदलते. मग वाचकाने कोणतीही संरचना संहितेवर लादावी काय? तसे नाही. व्याख्या आणि हक्क यांचा संबंध संहितेतच असतो. प्रश्न तो दृश्यमान करतो. संरचना शोधणे हे म्हणूनच अर्थनिर्णयाचे कार्य ठरते, स्मरणाचे साधन एवढीच तिची ओळख अपुरी आहे.

सिंदेवाहीपासून धानोऱ्यापर्यंतच्या जंगलपट्ट्यात ग्रामसभांचे कागद उद्या आपले विद्यार्थीच वाचणार आहेत. त्यांना केवळ सारांश शिकविणे परवडणारे नाही.