ठेका कुणाच्या मालकीचा?

आत्ता आपण दोन ध्वनिमुद्रिका ऐकल्या. पहिली फॅट्स डॉमिनोची ‘द फॅट मॅन’, 10 डिसेंबर 1949 रोजी मुद्रित झालेली. दुसरी लिटल रिचर्डची ‘टुटी फ्रुटी’, सप्टेंबर 1955ची. गायक वेगळे, कंपन्या वेगळ्या, मध्ये जवळजवळ सहा वर्षं गेलेली. पण दोन्ही मुद्रणं झाली एकाच खोलीत. न्यू ऑर्लिन्स शहरात रॅम्पार्ट आणि डुमेन या रस्त्यांच्या कोपऱ्यावर कॉझिमो मटासा यांच्या कुटुंबाचं दुकान होतं. त्या दुकानाच्या मागं, 1945 ते 1956 या काळात, त्यांचा ‘जे अँड एम’ हा छोटासा स्टुडिओ चालला. दोन्ही मुद्रणांत ड्रमवर बसलेला माणूसही एकच आहे, अर्ल पामर.

या ‘रिदम अँड ब्लूज’ मुद्रणांचा वारसा, असा विषय आम्हाला दिलेला आहे. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळं कुठलाही शब्द हाती आला की तो आधी उलटा करून बघायची खोड जडली आहे. वारसा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं जमीनजुमला येतो, दागिने येतात. पण ज्यांनी घरची वाटणी पाहिली आहे त्यांना विचारा. वारशाबरोबर कर्जही येतं. आज आम्हाला त्या कर्जाबद्दल बोलायचं आहे.

आधी ऐकण्याबद्दल. ‘टुटी फ्रुटी’मध्ये नेमकं काय घडतंय? बँडच्या अंगात जुना झुलता ठेका मुरलेला आहे. म्हणजे मात्रेचे तीन भाग धरायचे आणि मधला गाळायचा. लिटल रिचर्डचा उजवा हात मात्र पियानोवर त्याच मात्रेचे दोन सरळ, समान भाग करतो आहे. या दोघांची ओढाताण चाललेली आपल्याला ऐकू येते. पामर यांनी पुढं सांगितलं, की त्या उजव्या हाताशी जुळवून घेता घेताच त्यांच्या हातात सरळ ठेका आला. तोच पुढं रॉक संगीताचा ठेका म्हणून जगभर गेला. आपल्याकडं लय कानावर संस्कार करते असं म्हणतात. इथं एका वादकाच्या हातात लय बदलताना आपण प्रत्यक्ष ऐकतो.

दुसरी गोष्ट, डेव्ह बार्थोलोम्यू. हे ट्रंपेटवादक, बँडप्रमुख, डॉमिनोचे सहलेखक. क्यूबन रुंबाची खर्जातली चाल उचलून ती बास आणि सॅक्सोफोन यांच्याकडून एकत्र वाजवून घ्यायची, ही त्यांची युक्ती. आणि मटासा? सुरुवातीच्या वर्षांत ते थेट तबकडीवर मुद्रण करत. मागाहून दुरुस्ती नाही, आवाजांचं वेगळं मिश्रण नाही. कुणी कुठं बसायचं आणि मायक्रोफोन कुठं ठेवायचा, इतकीच त्यांची विद्या. एक चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून. म्हणून या मुद्रणांत आपण एका खोलीतल्या माणसांचं परस्परांशी जमलेलं ऐकतो.

आता प्रश्न असा, की हे जमलेलं कुणाचं?

हिशेब सरळ आहे. शहराकडं खोली होती, वादक होते. मोठी कंपनी नव्हती. डॉमिनोची ‘इम्पीरियल’ लॉस एंजेलिसची, लिटल रिचर्डची ‘स्पेशालिटी’ही तिथलीच. माल इथं तयार होई, मालकी बाहेर जाई. 1955 साली पॅट बून या गोऱ्या गायकानं डॉमिनोचं ‘एन्ट दॅट अ शेम’ गायलं आणि ते लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. डॉमिनोचं मूळ गाणं त्याच यादीत दहाव्या क्रमांकावर थांबलं. हा अन्याय सगळ्यांच्या तोंडी आहे. आम्हाला तो खरा वाटतो, पण पुरेसा वाटत नाही. कारण डॉमिनो आणि बार्थोलोम्यू यांची नावं गीतकार म्हणून नोंदलेली होती. बूनच्या प्रत्येक तबकडीमागं त्यांना काही ना काही मिळत होतं.

पामरना काय मिळत होतं? त्या दिवसाची बिदागी. स्वामित्वहक्काच्या कायद्याला शब्द दिसतात, चाल दिसते. ठेका त्याला दिसत नाही. झुलत्या लयीला सरळ करणारा माणूस कायद्याच्या दृष्टीनं निर्माता नव्हताच! आता आपणच सांगा, त्या गाण्यातून ठेका काढून घेतला तर उरतं काय? ‘कृती’ म्हणजे काय, हा सौंदर्यशास्त्रातला जुना प्रश्न आहे. आम्ही तो वर्गात वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिला. इथं त्याच्या उत्तरावर लोकांचं पोट अवलंबून होतं.

कुणी म्हणेल, ठेक्याला मालक ठरवला तर संगीतच थांबेल. आक्षेप योग्य आहे. कॉंगो स्क्वेअरपासून हवानापर्यंत पसरलेली लय पामर यांच्या तरी एकट्याची कुठं होती? ठेक्यावर कुंपण घाला असं आमचं म्हणणं नाही. पण जी गोष्ट कुणाच्या मालकीची नसते तिचं ऋण सगळ्यांवर असतं, आणि ते फेडायला टीकाकाराकडं एकच नाणं आहे: नाव घेणं. गायकाचं चरित्र लिहिताना ड्रमवादकाला तळटीपेत ढकलणारी समीक्षा कायद्याचीच चूक पुन्हा करते.

अर्ल पामर 1957मध्ये लॉस एंजेलिसला निघून गेले आणि तिथले अग्रगण्य स्टुडिओ-वादक झाले. मटासांनी साठच्या दशकात स्वतःची कंपनी काढली. 1966मध्ये तिच्यामार्फत वितरित झालेलं आरन नेव्हिलचं ‘टेल इट लाइक इट इज’ देशभर गाजलं, तरी कंपनी बुडाली. जुन्या स्टुडिओच्या जागी पुढं लॉन्ड्री आली. 2010मध्ये ती वास्तू ऐतिहासिक म्हणून गौरवली गेली.

एक प्रसंग सांगून थांबतो. ऑगस्ट 2005मध्ये कतरिना वादळानं लोअर नाइन्थ वॉर्ड पाण्याखाली गेला. डॉमिनो तिथंच राहत. ते गेले असं समजून कुणीतरी त्यांच्या घरावर रंगानं श्रद्धांजली लिहिली. खरं तर त्यांची सुटका झाली होती. त्यानंतर ते बारा वर्षं जगले. वारशाची भाषा आपल्याला फार लवकर सुचते, ती अशी. जिवंत माणसाचं देणं बाकी असताना आपण भिंतीवर श्रद्धांजली लिहून मोकळे होतो.

आता पहिली ध्वनिमुद्रिका पुन्हा लावू या. या वेळी गायकाकडं नको, ड्रमकडं लक्ष द्या.