सवचे पाणी, महाडचे पाणी

महाडजवळ सावित्रीच्या काठी सव नावाचे गाव आहे. तेथल्या ऊन पाण्याच्या झऱ्यांवर माणसे अंगाची दुखणी घेऊन येतात. पाण्याने शरीर बरे व्हावे, एवढीच त्यांची आशा. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी निराळे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी ते ओंजळीत घेतले, तेव्हा आजारी होता तो समाज. तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. ठराव होता, वाट नव्हती.

अपंगत्वाविषयी लिहिताना आपले लेखक बहुधा सवच्या वाटेने जातात. जयवंत दळवींचे ‘नातीगोती’ घ्या. मतिमंद मुलाच्या आईबापांची होरपळ दळवींनी विलक्षण सच्चेपणाने रंगविली आहे. पण नाटक आहे ते आईबापांचे. मुलगा त्यांच्या दुःखाचे कारण म्हणून रंगभूमीवर वावरतो. या कुटुंबाला इतके एकटे कोणी पाडले, हा प्रश्न आपल्या अश्रूंत विरघळून जातो.

नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मचरित्र वाचताना हा प्रश्न टाळता येत नाही. ऐन उमेदीच्या वयात कोल्हापूरच्या या मुलीचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. तरी पुस्तकाला नाव मिळाले ते औषधाचे किंवा चमत्काराचे नव्हे, खुर्चीचे. खुर्चीला उतार लागतो, रुंद दार लागते. म्हणजे ती आपल्याकडे काही मागते. १९८४ साली लेखिकेने सहकाऱ्यांसह ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभारली, तेव्हा ‘मी’चे ‘आम्ही’ झाले. व्यंगाची ओळख बनते ती या ‘आम्ही’त.

दलित आत्मकथने आपण समाजावरचा आरोप म्हणून वाचायला शिकलो. हे पुस्तक मात्र अजून ‘जिद्दीची कहाणी’ म्हणून वाचतो. हे कौतुकही दयेचेच भावंड आहे: जिद्द त्यांची म्हटली, की पायरी आपली राहत नाही.

दुखऱ्या अंगाला सवचे ऊन पाणी हवेच. वेदना खरी असते, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले, सार्वजनिक इमारती सुगम करण्यास सांगितले, आणि तरी कितीतरी नाट्यगृहांत, वाचनालयांत वाट पायऱ्यांपाशीच संपते. पुन्हा ठराव आहे, वाट नाही.

या दिवाळीत फराळाची निमंत्रणे धाडण्यापूर्वी वाचकांनी आपल्या दाराच्या पायऱ्या एकदा मोजून पाहाव्यात. आपल्याकडे कोण कधीच येत नाही, ते त्यातून कळेल.