गुलाबाची पारख

इतवारीत सोने तोळ्यावर विकले जाते आणि अत्तरही तोळ्यावर. सराफ्यात गेलेला माणूस दागिन्यावरचा शिक्का पाहतो. २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाल्यावर तर तो हक्काने पाहतो. तोच माणूस ईदच्या आधी अत्तराच्या दुकानात मनगट पुढे करतो, एकदा हुंगतो, ‘वा, अगदी ताजा गुलाब!’ म्हणतो आणि पैसे मोजतो. आमचा आक्षेप या एकदा हुंगण्याला आहे. पहिले पान वाचून कुणी पुस्तकाची समीक्षा लिहिली तर आपण त्याला हसतो. अत्तराच्या बाबतीत आपण सगळेच तसे समीक्षक आहोत.

चांगले गुलाब अत्तर एका दमात आपली ओळख देत नाही. मनगटावर लावताच जो वास येतो तो हिरवट, किंचित लिंबासारखा, नाकाला जागे करणारा असतो. काही वेळाने तो निवतो आणि पाकळी समोर येते. तिच्यामागे मध आणि लवंगेची हलकी झाक. शेवटी, चंदनाच्या तेलावर धरलेले अत्तर असेल तर, चंदनाचा दुधाळ, मऊ वास वर येतो आणि गुलाब त्यात विसावतो. हा शेवटचा टप्पा सर्वांत लांब. कपड्यावर दुसऱ्या दिवशीही राहतो तो हाच. नागपूरच्या मे महिन्यात पहिला टप्पा पाहता पाहता उडून जातो; थंडीत तोच रेंगाळतो. म्हणून एकच अत्तर दोन ऋतूंत दोन स्वभावांचे वाटते.

आता ‘ताजा’ या शब्दाकडे वळू. ताज्या फुलासारखा वास म्हणजे अस्सल अत्तर, ही समजूत सर्वत्र आहे आणि ती चुकीची आहे. नूरजहाँची आई अस्मत बेगम हिने गरम गुलाबपाण्यावर जमलेला तवंग गोळा केला आणि गुलाबाचे अत्तर सापडले, अशी नोंद बादशहा जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात केली आहे. फुलातले काही पाण्यावर तरंगते आणि काही पाण्यात विरघळते, हे त्या नोंदीतूनच कळते. ताज्या फुलाच्या गोड, मऊ वासाचा मोठा वाटा फिनाइल इथाइल अल्कोहोल या पदार्थाचा असतो. ऊर्ध्वपातनात तो बराचसा गुलाबपाण्यात राहतो, तेलात थोडाच उतरतो. त्यामुळे अस्सल ‘रूह गुलाब’ हुंगणाऱ्याला अनेकदा फुलाची आठवण कमी आणि मध-मसाल्याची जास्त होते. उलट तोच पदार्थ कारखान्यात स्वस्तात तयार होतो, आणि त्याच्या जोरावर कृत्रिम अत्तर पहिल्या क्षणी अस्सलापेक्षा अधिक ‘ताजे’ वाटू शकते. मात्र साध्या कृत्रिम अत्तरात पुढे काही घडत नाही. तासाभराने तेच सरबत, फक्त पातळ झालेले.

उलगडणे हाही अखेरचा पुरावा नाही, हे मान्य केले पाहिजे. कुशल कारागीर कृत्रिम पदार्थांतूनही टप्पे रचू शकतो. पक्का निवाडा प्रयोगशाळाच देईल. पण साधे गणित आपल्यालाही येते. एक किलो रूह गुलाबासाठी साधारण तीन ते पाच हजार किलो फुले लागतात. म्हणजे एका तोळ्यामागे पस्तीस किलोपेक्षा कमी नाहीत. ती पहाटे, ऊन चढण्याआधी, हातांनी खुडावी लागतात. पन्नास-शंभर रुपयांच्या कुपीत हे मावत नाही. चंदनाचे तेल महागल्यापासून तळाला पॅराफिन तेल वापरणेही सर्रास झाले आहे.

इथे एक गैरसमज व्हायला नको. स्वस्त अत्तर लावणाऱ्याला हिणवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. दिवसभर हमाली करून जुम्म्याला कानात फाया ठेवणाऱ्या माणसाची स्वच्छतेची आणि अदबीची भावना रूह गुलाब लावणाऱ्यापेक्षा तसूभरही कमी नाही. कृत्रिम अत्तर असणे हा दोष नव्हे. ते अस्सल म्हणून विकणे हा दोष आहे. आपल्या समाजात ‘अल्कोहोलमुक्त’ ही चिठ्ठी पाहिली की पुढचे प्रश्न थांबतात. पण ती चिठ्ठी फक्त एवढेच सांगते की कुपीत स्पिरिट नाही. आत गुलाब आहे की नाही, याबद्दल ती काहीच बोलत नाही. आणि वर सांगितलेल्या पदार्थाच्या नावात अल्कोहोल असले तरी ती दारू नव्हे. तो फुलाने स्वतः घडवलेला सुगंध आहे. नावावरून नाकारणे आणि चिठ्ठीवरून स्वीकारणे, दोन्ही सारखेच आंधळे.

तेव्हा दुकानदाराला आपण दोन प्रश्न विचारावेत : यात गुलाबाचे तेल आहे का, आणि तळ कशाचा आहे? प्रामाणिक दुकानदार रागावणार नाही. मग मनगटावर थेंब घेऊन लगेच पैसे काढू नयेत. किराणा ओळीतली, सराफ्यातली कामे उरकावीत, तासाभराने पुन्हा हुंगावे आणि मगच ठरवावे. कपड्याचा पोत आपण बोटांनी पाहतो, कलिंगड थापटून घेतो. अत्तराला एवढा वेळ द्यायला काय हरकत आहे? गिऱ्हाईक शेवटच्या टप्प्यापर्यंत थांबू लागले, तर विकणाऱ्यालाही शेवटच्या टप्प्याची काळजी घ्यावी लागेल.