नाटकाचं माहेरपण

विषय ठरला तेव्हा संयोजकांनी आम्हाला विचारलं होतं, की नाटककारांसाठीची ही निवासी शिबिरं, ज्यांना हल्ली सगळे रेसिडेन्सीच म्हणतात, ती चांगली की वाईट, असं काही सांगणार का. तसं सांगता येणार नाही. आम्ही अशा शिबिरांत बसलेलो आहोत. कधी नुसते ऐकायला, कधी सूचना करायला. तिथलं जेवणही जेवलो आहोत. तेव्हा आज जी टीका होईल त्यात थोडी आमच्याही वाट्याची आहे, हे आधीच सांगून टाकतो.

कल्पना मोठी गोड आहे. बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते, तसं नाटककाराने कच्ची संहिता घेऊन दोनतीन आठवडे कुठेतरी जायचं. डोक्यावर छप्पर, दोन वेळचं जेवण, वाचायला नट, ऐकायला जाणती माणसं. नोकरी नाही, भाजी आणायची नाही. मराठी नाटककाराला हे सुख फार कमी वेळा मिळालेलं आहे. आपली कितीतरी नाटकं ऑफिस सुटल्यावर, लोकलमध्ये, रात्री घरातली मंडळी झोपल्यावर लिहिली गेलेली आहेत.

या प्रकाराचं सगळ्यात गाजलेलं ठिकाण अमेरिकेत आहे. कनेक्टिकट राज्यात वॉटरफर्ड म्हणून समुद्रकाठचं गाव, तिथलं यूजीन ओनील थिएटर सेंटर. जॉर्ज व्हाइट यांनी ते १९६४ साली काढलं. रीत साधी. नेपथ्य जेमतेम, नटांच्या हातात संहिता, थोड्या दिवसांच्या तालमी आणि मग लोकांसमोर वाचन. १९८२ च्या उन्हाळ्यात ऑगस्ट विल्सन तिथे ‘मा रेनीज ब्लॅक बॉटम’ घेऊन गेले. त्याआधी त्यांची नाटकं तिथून अनेकदा नाकारली गेली होती. या वेळी घेतलं. १९८४ मध्ये तेच नाटक येल रेपर्टरीत झालं आणि त्याच वर्षी ब्रॉडवेवर गेलं.

ही गोष्ट प्रत्येक शिबिराच्या उद्घाटनात सांगितली जाते. तिचा एक तुकडा मात्र गाळला जातो. वॉटरफर्डच्या परिषदेचे प्रमुख होते लॉइड रिचर्ड्स. येलच्या नाट्यविद्यालयाचे डीन आणि येल रेपर्टरीचे कलादिग्दर्शकही त्या काळात तेच होते. ब्रॉडवेवरचं दिग्दर्शनही त्यांचंच. म्हणजे शिबिरात ज्या माणसाने नाटक ऐकलं, त्याच माणसाच्या हातात रंगमंचाची किल्ली होती. विल्सन यांची प्रतिभा होतीच, ती कुणी शिबिरात घातली नाही. पण किल्लीवाला माणूस ऐकायला बसलेला होता, हेही तितकंच खरं आहे.

आपल्याकडे बघा. पुण्यात थिएटर अकादमीने नाटककार विकास योजना राबवली, १९८५ ते १९९४. फोर्ड फाउंडेशनचं साहाय्य होतं, आखणी सतीश आळेकरांची. आम्हाला ही योजना महत्त्वाची वाटते ती एका कारणासाठी. ती राबवणारी संस्था स्वतः नाटक करणारी होती. ‘घाशीराम’ घेऊन देशोदेशी फिरलेल्या मंडळींना नाटक उभं कसं राहतं हे पाठ्यपुस्तकातून शिकायचं नव्हतं. नंतर मुंबईत रेज आणि लंडनचं रॉयल कोर्ट यांनी मिळून ‘रायटर्स ब्लॉक’ चालवलं. तिथेही महोत्सव जोडलेला होता, नाटकं प्रत्यक्ष रंगमंचावर आली. तेव्हा शिबिराच्या दुसऱ्या टोकाला थिएटर असेल तर काम होतं, हे आपल्याकडेही दिसलेलं आहे. पण आता जी शिबिरं ठिकठिकाणी निघतात, त्यांतली बरीचशी वाचनाच्या संध्याकाळी संपतात. टाळ्या, चहा, ग्रुप फोटो. बाळ-बाळंतीण माहेरच्या दारात उभे आणि सासरचा पत्ताच नाही.

आता आमची मुख्य तक्रार. ती खोलीतल्या बोलण्याविषयी आहे.

शिबिरात एक प्रश्न हमखास येतो: या पात्राला काय हवंय? प्रश्न वाईट नाही. वास्तववादी नाटकात तो कामाला येतो. पण ‘महानिर्वाण’ला लावून बघा. भाऊराव मेलेले आहेत. मेल्यावर ते स्वतःच्याच मरणाचं कीर्तन लावतात. त्यांना काय हवंय? जुन्या स्मशानात जळायचंय. झालं, उत्तर मिळालं! एका ओळीत मिळालं. आणि या उत्तरातून ‘महानिर्वाण’ काय चीज आहे याचा पत्ता तरी लागतो का? ते नाटक कीर्तनात आहे, चाळीच्या बोलण्यात आहे, रडताना मध्येच येणाऱ्या हसण्यात आहे. १९७४ साली ते उभं राहिलं तेव्हा लेखक आणि दिग्दर्शक एकच होते, संगीताला आनंद मोडक होते, भाऊराव करायला चंद्रकांत काळे होते. म्हणजे खोलीत प्रश्न विचारणारे कमी आणि गाणारे जास्त होते.

त्यात भाषेची भानगड. मार्गदर्शक परभाषेतला असला की मराठी संहितेचा इंग्रजी तर्जुमा त्याच्यापुढे ठेवतात. तर्जुम्यातून कथानक पोचतं, रचना पोचते. ‘वाडा चिरेबंदी’तली वैदर्भी बोली किती पोचेल? मग चर्चा जे पोचलं त्याचीच होते आणि लेखकही हळूहळू तेच दुरुस्त करायला लागतो, जे तर्जुम्यात दिसतं. कुणी मुद्दाम करत नाही हो हे. सगळे सज्जन असतात.

एक प्रसंग सांगतो, नावं नकोत. एका शिबिरात एक तरुण लेखक होता, तालुक्याच्या गावातून आलेला. त्याच्या नाटकात घरातला कर्ता माणूस गेलेला असतो. तेराव्याला आत्या येते, गेलेल्याच्या चपला वर्तमानपत्रात गुंडाळते, पिशवीत घालते आणि जाते. बोलत काही नाही. घरातलं कुणी विचारतही नाही. पहिल्या दिवशी वाचन झालं तेव्हा खोलीत जरा शांतता पसरली होती. मग चर्चा सुरू झाली. आत्या चपला का नेते? तिचं भावाशी नातं काय होतं? जमिनीचा काही वाद? हे विचारणाऱ्यांत आम्हीही होतो, चांगलं आवाज चढवून विचारत होतो. लेखक बिचारा वहीत उतरवून घेत होता. शेवटच्या वाचनात आत्याला पान-दीड पानाचं भाषण आलेलं होतं. लहानपणी भावाने तिला शाळेत खांद्यावर बसवून नेलं, त्याच्या पायात चपला नव्हत्या, वगैरे. श्रोत्यांनी माना डोलावल्या. आम्हीही डोलावली. रात्री जेवताना लक्षात आलं, की पहिल्या दिवशीची ती शांतता आता त्या नाटकात कुठेच उरलेली नाही. ती आम्ही भाषणाने बुजवली होती.

म्हणून शिबिरं बंद करा, असं आम्ही म्हणणार नाही. नट तोंडाने वाक्य म्हणतो तेव्हा लेखकाला जे कळतं, ते टेबलाशी बसून कळत नाही. तेवढ्यासाठी तरी ती हवीत. आमचं म्हणणं एवढंच, की चर्चेचे तास निम्मे करा आणि तालमीचे दुप्पट. आत्या का जाते हे विचारण्याऐवजी नटीला चपला गुंडाळायला लावा. वर्तमानपत्र किती वाजतं ते ऐका. आणि बोलावताना एकतरी असा माणूस बोलवा, ज्याच्याकडे पुढच्या वर्षीच्या तारखा आहेत.

त्या लेखकाने आत्याचं भाषण काढून टाकलं, असं मध्यंतरी कळलं. पहिल्यासारखं केलंय म्हणे. प्रयोग मात्र अजून झालेला नाही.

थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ या.