उत्तरपूजेवाचून निरोप

निवृत्त होणाऱ्या पुढाऱ्याला त्याचे अनुयायी जो निरोप देतात, त्याची वाङ्मय म्हणून कोणी गंभीरपणे परीक्षा केलेली आमच्या पाहण्यात नाही. नाटकाचे परीक्षण होते, कादंबरीचे होते, कीर्तनकाराच्या आख्यानाचेही होते. परंतु मानपत्र, गौरवाचे भाषण आणि निवृत्तीचे निवेदन ही तिन्ही टीकेच्या कक्षेबाहेर ठेवण्याचा आपल्याकडे संकेत आहे. खांद्यावर शाल पडली की शब्दांची पारख करू नये, असे आपण मानतो. हा संकेत आम्हांस मान्य नाही. ज्या लेखनाने शेकडो माणसांचे डोळे ओलावतात, ते लेखन तपासून घेण्याइतके महत्त्वाचे असलेच पाहिजे.

त्यातही परंपरानिष्ठ पुढाऱ्याचा निरोप विशेष पारखण्याजोगा. क्रांतीची भाषा बोलणारा नेता स्वतःला अपरिहार्य समजला, तर ते त्याच्या तत्त्वज्ञानाशी फारसे विसंगत नाही. परंतु माणसापेक्षा संस्था मोठी, व्यक्तीपेक्षा परंपरा मोठी, असे ज्याने जन्मभर सांगितले, त्याला ते एकदा तरी करून दाखवावे लागते. आणि ते करून दाखविण्याची वेळ जाण्याचीच असते.

आमच्या डोळ्यांपुढे दोन निरोप आहेत. एक अटलबिहारी वाजपेयी यांचा, दुसरा सुमित्रा महाजन यांचा. पहिले ग्वाल्हेरचे, शिंदेशाहीच्या त्या नगरातील मराठी वस्तीच्या शेजाराने वाढलेले. दुसऱ्या चिपळूणच्या कन्या आणि इंदूरच्या सून. एकाचा निरोप मुंबईच्या शिवाजी पार्कवर अफाट गर्दीसमोर झाला, दुसरीचा एका पत्राने. आम्हांला त्या पत्राचे मोल अधिक वाटते. असे का, ते सांगावयाचे आहे.

तत्पूर्वी एक गोष्ट. चवथीच्या गणपतीची उत्तरपूजा आपण सर्वांनी पाहिली आहे. आरती होते, मूर्तीच्या हातावर दही घालतात, अक्षता वाहतात, आणि मग यजमान मूर्ती जागेवरून किंचित हलवितो. त्या बोटभर हलविण्यात सारे आले. त्या क्षणापर्यंत आपण तिच्यापुढे हात जोडतो. त्यानंतर ती मातीची मूर्ती असते आणि तिला पाण्यापर्यंत नेणे एवढेच आपले काम उरते. पुढल्या वर्षी लवकर या, असे आपण म्हणतो ते देवाला. त्या मातीला नव्हे. पुढाऱ्याच्या निरोपात आपले लोक आरती करतात, हार घालतात, पुन्हा येण्याचा आग्रहही करतात. मूर्ती हलविण्याचे तेवढे राहून जाते.

आता शिवाजी पार्क. डिसेंबर २००५ च्या अखेरीस भारतीय जनता पक्षाचे रौप्यमहोत्सवी अधिवेशन मुंबईत भरले होते. स्थळ मुद्दाम निवडलेले. पक्षाचे पहिले मोठे अधिवेशन डिसेंबर १९८० मध्ये याच नगरीत वाजपेयींच्या अध्यक्षतेखाली झाले होते. त्या पहिल्या भाषणात त्यांनी अंधार, सूर्य आणि कमळ यांची जी सांगड घातली, ती पुढे पंचवीस वर्षे प्रत्येक कार्यकर्त्याच्या जिभेवर होती. त्याच नगरीत, एक्याऐंशी वर्षे पूर्ण केलेल्या त्याच वक्त्याने, आपण यापुढे निवडणूक लढविणार नाही, असे जाहीर केले.

उमेदीतील भाषणांच्या मानाने हे भाषण आटोपशीर होते. त्याचा दोष आम्ही धरीत नाही. निवृत्तीचे भाषण थोडके असावे हेच बरे. वाजपेयींच्या बोलण्यातला विराम प्रसिद्ध होता. दोन शब्दांमध्ये ते जी जागा सोडीत, तीत श्रोता आपला अर्थ भरीत असे. त्या सायंकाळी मात्र त्यांनी ती जागा सोडली नाही. स्वतःच भरली. लालकृष्ण अडवाणी आणि प्रमोद महाजन हे पक्षाचे राम-लक्ष्मण होत, असे ते म्हणाले. आज वीस वर्षांनंतर त्या भाषणातले एवढेच लोकांच्या ध्यानात आहे.

साहित्याच्या दृष्टीने हा दृष्टांत आम्हांस फसलेला वाटतो. राम-लक्ष्मण म्हटले की श्रोत्याच्या मनात दशरथ उभा राहतो. आणि दशरथाच्या घरी वारस ठरविण्याच्या दिवशी काय झाले, हे आपल्या देवळांतल्या रामनवमीला येणाऱ्या लहान मुलालाही ठाऊक असते. ज्या कथेत राज्याभिषेक आदल्या रात्री मोडतो, ती कथा वारसा सांगताना वापरू नये. शिवाय अडवाणी त्याच अधिवेशनानंतर अध्यक्षपद सोडणार, हे आधीच जाहीर झाले होते. अवघ्या काही दिवसांत ते पद राजनाथसिंह यांच्याकडे गेले. प्रमोद महाजनांचा मे २००६ मध्ये दुर्दैवी अंत झाला. २००९ च्या निवडणुकीत पक्ष अडवाणींच्या नेतृत्वाखाली लढला आणि त्याच्या जागा १३८ वरून ११६ वर आल्या. काळाने असे का केले, याचा जाब वक्त्याला विचारणे अन्यायाचे होईल. परंतु काळावर सही करण्याचा मोह त्याने टाळला असता तर बरे होते.

आमच्या व्यवसायातले एक उदाहरण येथे सुचते. मिताक्षर पद्धतीच्या एकत्र कुटुंबात एखाद्या सहदायादाने हक्कसोड केली, तर त्याचा हिस्सा उरलेल्या सर्वांसाठी सुटतो. कागदावर त्याने आवडत्या भावाचेच नाव लिहिले, तरी न्यायालये बहुधा त्याचा अर्थ सर्वांच्या लाभाचाच लावतात. सोडणे आणि देणे ही दोन निराळी कृत्ये आहेत. सोडताना कोणाला, हे ठरविण्याचा अधिकार सोडणाऱ्याकडे उरत नाही. वाजपेयी कायद्याच्या वर्गात काही काळ बसले होते, आणि तेही कानपूरच्या महाविद्यालयात, वडिलांच्या बरोबर, एकाच वर्गात! तो अभ्यास त्यांनी अर्धवट सोडला. देशाला त्यामुळे मोठा वक्ता मिळाला हे खरे. परंतु हक्कसोडीचा धडा बहुधा मागे राहिला असावा.

विशेष म्हणजे त्यांचे खरे निरोपाचे भाषण त्याआधी नऊ वर्षे होऊन गेले होते. मे १९९६ मध्ये तेरा दिवसांच्या सरकारचा राजीनामा देण्यास निघताना लोकसभेत ते जे बोलले, त्यात कोणाचे नाव वारस म्हणून नव्हते. सरकारे येतील, जातील, पक्ष बनतील, मोडतील, देश मात्र राहिला पाहिजे, असा त्याचा आशय होता. आणि शेवटी आपण राष्ट्रपतींकडे राजीनामा देण्यास जात आहो, एवढे सांगून ते बसले. परंपरानिष्ठ माणसाने पद कसे सोडावे, याचा तो वस्तुपाठ होता. गंमत अशी, की तेव्हा ते जातच नव्हते. दोन वर्षांत परत आले. जेव्हा खरोखर जावयाचे होते, तेव्हा हात सुटला नाही.

यात अनुयायांचा वाटा वक्त्याहून मोठा आहे. वाजपेयींवर पुढे जे गौरवपर लेखन झाले, ते आम्ही बरेच वाचले. त्याची धाटणी एका पक्षकाराच्या वकिलाने लिहिलेल्या कैफियतीची आहे. दुसरी बाजू न्यायालयात हजरच नसते. गोव्याच्या वाचकांना एप्रिल २००२ मधील पणजीची कार्यकारिणी स्मरत असेल. त्या महिन्याच्या आरंभी अहमदाबादेत ज्या मुखाने राजधर्माची आठवण दिली, त्याच मुखाने पणजीत निराळा सूर लावला. तो का बदलला, या प्रश्नाची उत्तरे निरनिराळी असतील. प्रश्नच न विचारणे हे मात्र गौरव नव्हे. ज्याच्या आयुष्यात एकही कठीण दिवस आम्ही राहू देत नाही, त्याला आम्ही माणूस म्हणून निरोप देत नाही. २००९ पासून त्यांच्या वाणीला आजाराने ग्रासले. मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांच्या घरी जाऊन भारतरत्न प्रदान केले. ऑगस्ट २०१८ मध्ये ते गेले. ज्याने सभेत शब्द सोडण्याआधी तो जिभेवर तोलून पाहिला, त्याच्याविषयी इतके न तोललेले शब्द लिहिले जावेत, याचा आम्हांस खेद वाटतो.

शिवाजी पार्कच्या त्या दृष्टांतातील रामाला पुढे काय मिळाले, हे २०१९ साली दिसले. गांधीनगरची उमेदवारी अडवाणींना न मिळता अमित शहा यांना मिळाली. ४ एप्रिलला अडवाणींनी एक निवेदन प्रसिद्ध केले. आधी राष्ट्र, मग पक्ष, शेवटी स्वतः, हे त्याचे सूत्र. आणि मतभेद असणाऱ्यास आमच्या पक्षाने कधी शत्रू मानले नाही, हा त्यातला टोला. निवेदन संयमी आहे, भारदस्त आहे. परंतु ते पिढ्यांना उद्देशून लिहिलेले वाटते, शेजाऱ्याला नव्हे.

दुसऱ्याच दिवशी, म्हणजे ५ एप्रिल २०१९ ला, इंदुराहून ताईंचे पत्र निघाले.

सुमित्रा महाजन यांना सारे इंदूर ताई म्हणते. १९८९ साली माजी मुख्यमंत्री प्रकाशचंद्र सेठी यांचा पराभव करून त्या लोकसभेत गेल्या, आणि ती निवडणूक धरून ओळीने आठ निवडणुका त्याच नगराने त्यांना निवडून दिले. २०१४ पासून त्या लोकसभेच्या अध्यक्षा होत्या. पंचाहत्तरी गाठलेल्यांना उमेदवारी न देण्याचे धोरण पक्षाने घेतले होते. ताईंचा शहात्तरावा वाढदिवस आठवड्यावर आला होता. आणि इंदूरची उमेदवारी जाहीर होत नव्हती. कोणी नाही म्हणत नव्हते. हो तर कोणीच म्हणत नव्हते.

पत्र हिंदीत आहे आणि अगदी छोटे आहे. त्याचा सारा भार एका शब्दावर उभा आहे, तो शब्द म्हणजे संकोच. पक्षाला निर्णय घेण्यास कदाचित संकोच वाटत असेल. आपण वरिष्ठांशी यापूर्वीच बोलून निर्णय त्यांच्यावर सोपविला होता. तरीही त्यांच्या मनात दुविधा दिसते. म्हणून आपणच सांगतो की आपल्याला आता लोकसभेची निवडणूक लढवावयाची नाही. पक्षाने मोकळ्या मनाने ठरवावे. मग इंदूरच्या लोकांचे आणि कार्यकर्त्यांचे आभार, आणि निर्णय लवकर झाला तर सर्वांना काम करणे सोयीचे होईल, ही शेवटची सूचना. कोणाही वारसाचे नाव नाही.

हा शब्द राजकारणातला नव्हे, घरातला आहे. जेवणाची वेळ टळून गेली तरी पाहुणे उठत नाहीत आणि यजमानाला सांगवत नाही, तेव्हा होतो तो संकोच. सून मोठी झाली आहे, किल्ल्या मागाव्यात असे तिच्या मनात आहे, पण तोंडातून शब्द फुटत नाही, तेव्हा सासू स्वतःच कमरेच्या किल्ल्या काढून फडताळावर ठेवते. ठेवताना ती काही बोलत नाही असे नव्हे! एक वाक्य बोलतेच, आणि ते सुनेला जन्मभर आठवते. ताईंच्या पत्रात ते वाक्य आहे. हा अनिर्णय कशासाठी, असे त्यांनी सरळ विचारले आहे. काहींना त्यात तक्रार दिसली. आम्हांलाही दिसते, परंतु ती दडविलेली नाही म्हणूनच पत्राला वजन आहे. मान दुखावला हे कबूल करून जो दार उघडतो, त्याचे उघडणे आम्हांला खरे वाटते. काहीच दुखले नाही असे म्हणणाऱ्याच्या त्यागावर आमचा तितकासा विश्वास नाही. उत्तरपूजेतली मूर्ती यजमानाने हलवावयाची असते. येथे यजमान चाचरला, तेव्हा मूर्तीच जागची उठली.

पत्रात एक उणीव आहे, तीही सांगितली पाहिजे. ज्या मराठी इंदुराने त्यांना घडविले, ज्या अहिल्याबाईंवर त्यांनी नाटक लिहिले, त्यांची सावलीही पत्रात नाही. तीस वर्षांच्या संबंधाला एका ओळीचे आभार थोडके पडतात. पत्र पक्षाला लिहिले आहे, नगराला नव्हे. आणि निरोप तर नगराचा घ्यावयाचा होता. तसे दुसरे पत्र लिहिले जावयास हवे होते, असे आम्हांस वाटते.

नगराने मात्र आपल्या परीने उत्तर दिले. पुढे शंकर लालवानी उमेदवार झाले आणि पाच लाखांहून अधिक मतांनी निवडून आले. ताईंच्या २०१४ च्या मताधिक्याहून हे अधिक होते. ताईंवर प्रेम करणाऱ्या कित्येकांना हा आकडा बोचला असेल. आम्ही त्याकडे निराळ्या दृष्टीने पाहतो. हक्कसोड सर्वांसाठी झाली होती, आणि ती सर्वांना लाभली.

औपचारिक निरोप म्हणावा असा त्यांना एकच मिळाला, तोही नकळत. १३ फेब्रुवारी २०१९ ला सोळाव्या लोकसभेची शेवटची बैठक झाली. प्रथेप्रमाणे पंतप्रधानांपासून विरोधी सदस्यांपर्यंत अनेकांनी अध्यक्षांचे आभार मानले. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत मात्र मोठी अक्षरे मुलायमसिंह यादव यांच्या वाट्याला आली, कारण त्यांनी पंतप्रधानांना पुन्हा निवडून येण्याच्या शुभेच्छा दिल्या होत्या. त्या दिवसाची सर्व भाषणे सभागृहाच्या कामकाजात शब्दशः छापलेली आहेत. ५ एप्रिलचे पत्र सभागृहाचे कागद नव्हे, म्हणून ते तेथे नाही. इंदूरच्या एखाद्या मराठी ग्रंथसंग्रहालयाने त्याची प्रत मिळवून, शक्य तर मराठी अनुवादासह, जपून ठेवावी, अशी आमची तेथील चालकांना विनंती आहे.